५५५ आयसीची पेटी: सरगम सुरात का लागत नाही?

अर्धी_पट्टी:
मी सातवीला विज्ञान शिकवते. गाण्याला वेगळे शिक्षक नाहीत, म्हणून तोही तास माझ्याच गळ्यात. पेटी एकच, मुलं वर्गभर. म्हणून ब्रेडबोर्डवर (डाग न देता जोडणी करायचा भोकांचा बोर्ड) ५५५ आयसी, म्हणजे ठरावीक वेगानं स्पंदनं देणारी चिप, आठ बटणं, १०४ लिहिलेला चपटा सिरॅमिक कपॅसिटर (०.१ मायक्रोफॅरड), नऊ व्होल्टची बॅटरी आणि जुन्या रेडिओचा स्पीकर असं जोडलंय. नेटवरच्या आकृतीप्रमाणे २.२ के (किलो-ओहम) चे सारखे रेझिस्टर एका माळेत आहेत. आवाज दणदणीत येतो, पण सरगम काही होत नाही. खालचे सूर एकमेकांना चिकटलेले, वरचे लांब लांब. शिवाय सकाळी काळी एकला लावलेला सा दुपारी चढतो. वर्गावर पत्रा आहे. बॅटरी उतरल्यामुळे होत असेल का?

कोडवाला:
एवढा खटाटोप कशाला? आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) घ्या, टोन फंक्शनला काळी एकचे २७७ हर्ट्झ द्या, सा तयार.

जुना_अँप्लिफायर:
बाई, बॅटरी निर्दोष आहे. ५५५ च्या कपॅसिटरचं व्होल्टेज पुरवठ्याच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश एवढ्यातच वरखाली होतं. बॅटरी उतरली की या हद्दीही त्याच प्रमाणात उतरतात, सूर जवळपास जागच्या जागी राहतो. चोर आहे तो चपटा सिरॅमिक. स्वस्तातला असला की पत्र्याखाली तापून त्याची क्षमता घटते आणि सूर चढतो. पॉलिएस्टरचा घाला. पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत सहज मिळेल.

आता माळ. रेझिस्टन्स निम्मा केला की सूर सप्तकभर चढतो, त्यामुळे सारख्या पायऱ्यांनी सरगम होणारच नाही. माळ मोडा. प्रत्येक बटणाला स्वतःचा १० के रेझिस्टर आणि त्याला सिरीजमध्ये २० के चा मल्टिटर्न प्रीसेट, म्हणजे पेचकसानं बरेच फेरे देऊन बारीक बदलता येणारा रेझिस्टर. हे सगळं ७ नंबरची पिन आणि एकत्र जोडलेल्या २ व ६ यांच्या मध्ये. पुरवठ्यापासून ७ ला १ के. मग सा म्हणजे २७७ हर्ट्झला साधारण २५.५ के, प म्हणजे ४१६ ला १६.८, तार सा ५५४ ला १२.५. हे फक्त अंदाजासाठी. कपॅसिटर अंगावर छापलेल्या आकड्याशी इमान राखत नाही, शेवटचा फेरा कानानंच द्यायचा.

आणि तो मुलांना देऊ द्या. कोडवाले दादा, तुमचं चूक नाही, पण २७७ टाइप करताना पोराचा कान रिकामाच बसतो. मोबाइलवर तानपुरा लावा, पोराच्या हातात बारीक पेचकस द्या. २७७ च्या शेजारी २७९ वाजला की सेकंदाला दोन लहरी येतात, म्हणजे आवाज दोनदा वाढून कमी होतो. त्या मंदावत थांबल्या की सूर मिळाला. देवळांचे नि मंडळांचे अँप्लिफायर दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, हर्ट्झ मोजायचं यंत्र क्वचितच काढलं.

गंधार मात्र खऱ्या पेटीवरून घेऊ नका. तिथे ३४९ च्या आसपास असतो, तानपुऱ्यातला ३४६.५.

मींडवेडी:
एका बटणाच्या शाखेत प्रीसेटऐवजी एलडीआर (उजेडाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा भाग) लावून बघा. हाताची सावली दाट झाली की सूर उतरतो. बटणांवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, कशी शिकवणार?

जुना_अँप्लिफायर:
झकास. पण ढग आला की सा पण जातो, तेव्हा एकच बटण त्यासाठी ठेवा.

अर्धी_पट्टी:
काका, कपॅसिटर आणि प्रीसेट बदलले, दुपारीही सा जागेवर! आता पोरं दोन बटणं एकदम दाबतात आणि पेटी किंचाळते.

जुना_अँप्लिफायर:
सा आणि प एकदम दाबले की दोन्ही रेझिस्टन्स पॅरलल होऊन १० के वर येतात. सूर जातो ६८० च्या आसपास, तार सा च्याही वर. पॅरललचा धडा तिथेच उरकून घ्या. दोन सूर एकत्र हवे असतील तर ५५६ आणा, त्यात दोन ५५५ असतात. एकावर सा धरून ठेवायचा, दुसऱ्यावर बटणं. दोन्ही आउटपुट मात्र एकेका १ के मधून काढूनच एकत्र करा आणि पुढे छोटा अँप्लिफायर लावा. थेट जोडलेत तर आयसी तापेल.