पीएस४ वरून पीएस५ : घेतलात का, आणि घरात काय बदललं?

माझ्याकडे २०१६ पासून पीएस४ आहे, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. नोकरी लागल्यावर स्वतःसाठी घेतलेली पहिली मोठी वस्तू. कपाटात २३ डिस्क आहेत, त्यातली एकही विकवत नाही. हल्ली गेम लावला की पंखा मिक्सरसारखा ओरडतो. पीएस५ घ्यायचं दोन वर्षं मनात आहे. पण भारतात तो २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता, आणि पुढे सणासुदीची सूट सोडली तर किंमत उतरायच्या ऐवजी वाढली. पूर्वी थांबणाऱ्याला स्वस्त मिळायचं. एका पिढीतून दुसरीत जाताना तुम्हाला काय मिळालं आणि काय हातचं गेलं? खोक्यावरचे आकडे नकोत, घरातलं सांगा.

कोल्हापूरहून

दादा, तुमच्या २३ डिस्कपासूनच सुरू करतो, माझं दुखणं तेच आहे. आमच्याकडे २००६ च्या दिवाळीत पीएस२ आला. त्यात पहिल्या प्लेस्टेशनच्या सीड्या चालायच्या, त्यामुळे मावसभावाचा अख्खा डबा आयता मिळाला. २०१० ला पीएस३ घेताना तसंच गृहीत धरलं. पीएस२ चे गेम चालवायची सोय सुरुवातीच्या काही पीएस३ मध्ये होती, नंतरच्या मॉडेलांतून ती काढली, आणि माझं नंतरचं निघालं. २०१५ ला पीएस४ आणला, तर त्यात पीएस३ ची एकही डिस्क चालेना. पीएस३ चा 'सेल' प्रोसेसर अगदी निराळ्या घडणीचा होता. पीएस४ मध्ये साध्या पीसीच्या जातीचा आला. दोनदा रिकाम्या कपाटापासून सुरुवात केली. पीएस३ अजून जोडून ठेवलाय, बाबांच्या आवडीचा रेसिंग गेम त्यावरच आहे आणि ते तोच खेळतात.

पीएस५ मात्र पीएस४ च्याच वंशातला. पीएस४ चे जवळजवळ सगळे गेम त्यावर चालतात, सेव्ह केलेलंही नेता येतं. फक्त डिस्क ड्राइव्ह असलेलाच घ्या. डिजिटल, म्हणजे ड्राइव्ह नसलेला, घेतलात आणि वेगळा ड्राइव्ह जोडला नाहीत, तर तुमच्या २३ डिस्क कपाटातच राहतील.

नाशिकहून, दोन मुलांची आई

मला खेळायला मुलं झोपल्यावर दहा ते अकरा एवढाच वेळ मिळतो. पीएस४ वर विचर ३ खेळताना एकदा मेलं की परत सुरू व्हायला मिनिटाच्या वर जायचं, आणि मी पुष्कळदा मरते. तासातला चांगला भाग पडद्याकडे बघण्यात जायचा. पीएस५ ची एसएसडी (गेम साठवायची वेगवान चिपवाली डिस्क) सेकंदाला ५.५ जीबी वाचते हे नंतर कळलं. मला एवढंच जाणवलं की मेले आणि लगेच उभी राहिले. विचर ३ ची पीएस५ आवृत्ती डिसेंबर २०२२ ला आली, पीएस४ ची विकत घेतलेल्यांना फुकट. माझ्यासाठी पैसे वसूल.

सांगलीहून

मी २००८ ते २०१५ गेम पार्लर चालवलं. चार पीएस२, चार जुने टीव्ही, ताशी १५ रुपये. पीएस३ भारतात आला २००७ साली, ३९,९९० रुपयांना. मी वहीत हिशेब मांडला : एका यंत्राचे पैसे फिटायला २,६०० च्या वर तास लागणार, वीजबिल आणि भाडं वेगळंच. पोरांना विचारलं, तर सगळ्यांना फुटबॉल, कुस्ती आणि जीटीए सॅन अँड्रियास. फिफा तर पीएस२ साठी २०१३ पर्यंत दरवर्षी येत राहिला, फिफा १४ शेवटचा. मग मी कशाला बदलू? खरा खर्च रिमोटचा. अंगठ्याने फिरवायची काडी ढिली व्हायची, फुटबॉलवाले महिन्याला दोन मोडायचे.

पण खोटं सांगत नाही, २०१२ च्या सुमारास गल्लीतल्या एका पोराच्या घरी पीएस३ आला आणि माझी संध्याकाळची आठ पोरं तिकडे गेली. ती परत आली नाहीत. शेवटी एक जुना पीएस३ आणला, तोवर उशीर झाला होता. त्या पोरांतला एक आता सुरतेला असतो. गावी आला की अजून विचारतो, काका, ते पीएस२ ठेवलेत का? एक ठेवलाय.

ठाण्याहून

मी बदलला नाही, आणि तुम्हालाही आधी पंखाच बघा म्हणेन. ओरडण्याचं कारण बहुधा धूळ आणि चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर काढायला लावतात ती). एका दुकानाने मला "मदरबोर्ड गेला" म्हणून सांगितलं होतं. मित्राने उघडून साफ केला, नवी पेस्ट लावली, आवाज निम्म्यावर आला. पीएस४ ची हार्ड डिस्क मालकाला बदलता येते, लॅपटॉपची अडीच इंची बसते. मी साधी एसएसडी टाकली. पीएस५ इतका वेग नाही, पण फरक कळतो. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक, होरायझन फॉरबिडन वेस्ट, ग्रॅन टुरिस्मो ७ हे २०२२ चे तिन्ही गेम पीएस४ वरही आले. आता मात्र दार बंद होत चाललंय. जीटीए ६ पीएस४ साठी जाहीरच केलेला नाही. मी तो येईपर्यंत थांबणार.

नागपूरहून

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सीरीज एस घ्यायचा विचार असेल तर एवढंच : डिस्क ड्राइव्ह नाही, आणि ५१२ जीबीतले वापरायला साधारण ३६४ मिळतात. चार मोठे गेम, की भरला. एक काढून दुसरा उतरवताना रात्र जाते.

रत्नागिरीहून

टीव्हीचं कोणी बोललं नाही. लहानपणी आमच्याकडे कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता, बंदुकीने बदकं मारायचा. गेल्या मे महिन्यात माळ्यावरून काढून भाचीसाठी नव्या एलईडीला जोडला. चित्र आलं, बदकं उडाली, पण नेम एकदाही लागला नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो; बंदुकीतली काच तो उजेड टिपते. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते त्याच क्षणी व्हायचं, नव्यावर चित्र किंचित मागे राहतं. भाची रडवेली झाली. शेजारच्या आजींकडे जुना टीव्ही होता, दोघींनी संध्याकाळभर तिथे बदकं मारली.

पीएस५ च्या बाबतीत उलटं आहे. फुल एचडी टीव्हीवरही सेकंदाला ६० फ्रेमची (चित्रांची) सफाई दिसते, त्याहून बारीक चित्राचा फोर-के टीव्ही आधी घ्यायलाच हवा असं नाही. मी पाच महिने जुन्याच टीव्हीवर खेळले.

मूळ प्रश्नकर्ता

ठाण्याचे दादा, पेस्ट कुठली वापरलीत तेवढं सांगा. रविवारी उघडतो. आणि कोल्हापूरकर, घेतला तर ड्राइव्हवालाच घेईन, हे नक्की.