नावाच्या स्पेलिंगचं काय?

'सरकारी इस्पितळांत संगणक आले की केसपेपरची रांग संपेल' असं म्हणतात, ते पटतं, पण अर्धंच. 'आभा'चा (केंद्र सरकारच्या डिजिटल आरोग्य ओळखीचा) क्यूआर स्कॅन करून टोकन मिळतं, उभं राहणं वाचतं. गोव्यात खरी गोची पुढे आहे, नावांची.

माझ्या सासूबाईंचं उदाहरण. जन्म पोर्तुगीज काळातला, त्यामुळे जुन्या दाखल्यावर आडनावात 'क'साठी 'सी', 'श'साठी 'एक्स'. आधारवर वेगळं स्पेलिंग, मतदार कार्डावर तिसरंच. एका सरकारी इस्पितळात (नाव नको) नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीने शोधलं, सापडलं नाही, म्हणून नवीन नोंद केली. पुढच्या खेपेला तिसरी. साखरेचे रिपोर्ट एका नोंदीत, हृदयाचे दुसरीत. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही त्रास होता का?" शेवटी कामी आली ती साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी आणि त्यातले पावसाळी दमटपणाने चिकटलेले कागद!

१४ अंकी आभा क्रमांक यासाठीच आहे, नावावर अवलंबून राहावं लागत नाही. पण क्रमांक काढून जुन्या नोंदी त्याला जोडायला कोणीतरी बसवायला हवं. शिवाय सगळा डेटा दिल्लीत एका ठिकाणी जातो ही भीती चुकीची आहे. आभा ज्याचा भाग आहे त्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या (२०२१) रचनेत नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते, रुग्णाने संमती दिली तरच दुसऱ्याला दिसते. मात्र ती संमती मोबाईलवर द्यायची, आणि सासूबाईंचा मोबाईल नातवाकडे असतो.

सत्तरी, काणकोणच्या आरोग्य केंद्रांतून बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पाठवलेल्या रुग्णांचं काय होतं, कोणाचा अनुभव आहे का?