दादाचा एमआरआय नॉर्मल आहे, मग मेंदूत फरक दिसतो म्हणतात तो कुठला?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझ्या दादाला (वय ३८) स्किझोफ्रेनिया आहे, निदान होऊन बारा वर्षं झाली. गोळ्या नियमित चालू आहेत, आवाज ऐकू येणं खूप कमी झालंय. सुरुवातीला एमआरआय केला होता, त्यात काहीच निघालं नाही. परवा काकांनी घरच्या ग्रुपवर दोन मेंदूंचं चित्र टाकलं. एक लाल-पिवळा, दुसरा काळपट, आणि खाली लिहिलेलं, 'या आजारात भावनांचं केंद्र बंद पडतं.' आईने ते वाचलं आणि रात्री ताटावरून उठून गेली.

मार्चमध्ये बाबा गेले तेव्हा दादा रडला नाही. घर माणसांनी भरलेलं, हा खिडकीशी उभा, चेहऱ्यावर काही नाही. 'दगड झालाय पोरगा,' असं आत्या माझ्यादेखत म्हणाली. पण दहावा झाल्यापासून दादा रोज सकाळी सातला खाली जातो, बाबांची अ‍ॅक्टिव्हा सुरू करतो, पाच मिनिटं तशीच चालू ठेवतो, मग सीटवरची धूळ तळहाताने पुसून वर येतो. विचारलं तर म्हणाला, "बॅटरी उतरेल."

याच्या आत काही उरलंच नाही, हे मला पटत नाही. अजून एक. मी नुसती बसलेली असले तरी तो विचारतो, "माझ्यावर चिडलीस का?" दिवसातून चार-पाच वेळा. याचा मेंदूशी काही संबंध आहे का? जाणकारांनी सांगावं.

फिल्मवाला
ताई, मी तीस वर्षं एक्स-रे आणि एमआरआयच्या मशीनवर काम केलंय. डॉक्टर सुरुवातीला एमआरआय लिहून देतात तो गाठ, रक्तस्राव, जुना मार असं दुसरं कारण नाही ना, हे बघायला. तुमचा रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्यातलं काही नाही. स्किझोफ्रेनियाचं निदान बोलून, लक्षणं बघून होतं, फिल्मवरून नाही.

तुम्ही म्हणता ते रंगीत चित्र एफएमआरआयचं असणार. त्यात मशीनमधल्या माणसाला काहीतरी काम देतात आणि मेंदूच्या कोणत्या भागाकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त जातंय ते मोजतात. रंग कॉम्प्युटर नंतर भरतो. काळपट भाग म्हणजे बंद पडलेला भाग नव्हे. तिथला फरक गणितात ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मनोगती
मी मानसशास्त्रातली, अशा अभ्यासांत मदतनीस म्हणून दोन वर्षं होते. कृष्णाकाठ, तुमचा स्कूटरचा परिच्छेद मी तीनदा वाचला.

१९९३ मध्ये अ‍ॅन क्रिंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत रुग्णांना चित्रपटांचे तुकडे दाखवले, दुःखाचे, भीतीचे, आनंदाचे. त्यांचे चेहरे इतरांपेक्षा कमी हलले. पण काय वाटलं असं विचारल्यावर सांगितलेल्या भावना इतरांइतक्याच तीव्र होत्या. चेहरा आणि मन यांच्यातला धागा सैल झालेला असतो. मन रिकामं झालंय असं त्यावरून म्हणता येत नाही. आत्यांना हे जरूर सांगा.

आता अमिग्डाला. मेंदूतला हा बदामाएवढा भाग धोक्याची चाहूल घेतो. घाबरलेले चेहरे दाखवले की रुग्णांमध्ये तो कमी चेततो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं होतं, आणि 'केंद्र बंद' ही समजूत बहुधा तिथूनच पसरली. पण त्यातल्या अनेक अभ्यासांत घाबरलेल्या चेहऱ्याच्या आकड्यातून साध्या, निर्विकार चेहऱ्याचा आकडा वजा केला होता. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ही वजाबाकी केली तरच फरक ठळक होत होता. आणि साध्या चेहऱ्यालाच काही रुग्णांचा अमिग्डाला जास्त चेततो, हेही स्वतंत्रपणे दिसलं आहे. म्हणजे आपल्याला ज्या चेहऱ्यात काहीच दिसत नाही, त्यात त्यांना धोका दिसत असावा.

"चिडलीस का?" मागे हे असू शकतं. खात्रीने नाही सांगत, कारण हे सगळं गटांच्या सरासरीवर उभं आहे. २०१६ च्या एनिग्मा प्रकल्पात २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी माणसांचे स्कॅन तपासले. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला मदत करणारा मेंदूतला भाग, सरासरीने लहान निघाला, अमिग्डालाही. पण अ तुकडीची सरासरी ब पेक्षा चार मार्कांनी कमी असली, म्हणून ६२ मार्कांचा एक पेपर हातात घेऊन तो कोणत्या तुकडीतला हे कुणी सांगेल का? दादाचा स्कॅन नॉर्मल आणि अभ्यासात फरक, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

सोलापूरची आई
माझा मुलगा २९ वर्षांचा. त्याला "गॅस बंद कर, दूध फ्रीजमध्ये ठेव, येताना माझा चष्मा आण" म्हटलं की तो मध्येच थांबतो. मी वर्षानुवर्षं आळशी म्हणून ओरडले, ते आठवलं की आजही त्रास होतो. हेही मशीनमध्ये दिसतं का?

मनोगती
काकू, हो. पडद्यावर एकेक अक्षर येतं, आणि दोन अक्षरांपूर्वीचंच पुन्हा आलं की बटण दाबायचं, अशी चाचणी असते. १९७४ पासून रुग्णांचा कपाळामागचा भाग कमी काम करतो असं म्हटलं जायचं. पुढे कळलं की सोपं काम असेल तर उत्तर बरोबर यायला काही रुग्णांचा तोच भाग जास्त राबतो, आणि काम वाढलं की मागे पडतो. तो आळस नव्हता, काकू. एका वेळी एकच सांगा, ते झालं की पुढचं.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली. तिथे घरच्यांना आपल्यासारखी माणसं भेटतात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आईला हे वाचून दाखवलं. क्रिंगबाईंचं तिने पुन्हा वाचायला लावलं.

आज दादाने विचारलं तेव्हा मी तोंडाने सांगितलं, "चिडले नाही रे, बँकेत आज खूप गर्दी होती, दमलेय." तो "बरं" म्हणाला आणि त्यानंतर झोपेपर्यंत एकदाच विचारलं. काका अ‍ॅक्टिव्हाला गिऱ्हाईक बघत होते, त्यांना फोन करून नको म्हणून सांगितलंय.