रेव्हिटमधून जीबीएक्सएमएल काढल्यावर आतल्या भिंती 'एक्स्टीरियर' होतात

वास्तुरेषा:
पुण्यातल्या तळमजला अधिक सात मजली ऑफिस इमारतीचं रेव्हिटमधलं (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करणारं सॉफ्टवेअर) मॉडेल जीबीएक्सएमएल (ऊर्जा-विश्लेषणासाठी मॉडेलची माहिती नेणारी फाइल) काढून ओपनस्टुडिओमार्गे एनर्जीप्लसमध्ये (इमारतीचा ऊर्जावापर काढणारं सॉफ्टवेअर) न्यायचं आहे. ईसीबीसी २०१७ (इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता) मधल्या होल बिल्डिंग परफॉर्मन्स पद्धतीसाठी, म्हणजे पूर्ण इमारतीचा ऊर्जावापर दाखवण्यासाठी. आर्किटेक्चरच्या फाइलला आरसीसीची (काँक्रीटच्या सांगाड्याची) फाइल लिंक केलेली आहे. सगळीकडे रूम्स (खोलीची हद्द ठरवणारे रेव्हिटचे घटक) टाकून एक्सपोर्ट केलं, तर ६०० मिमीच्या डक्टलगतच्या (पाइप-केबलसाठीच्या उभ्या पोकळीलगतच्या) भिंती बाह्य धरल्या जातात, फॉल्स सीलिंग थेट छप्पर म्हणून येतं, आणि एरर फाइलमध्ये झोन (ज्या जागेच्या तापमानाचा हिशोब एकत्र होतो ती) पूर्ण बंदिस्त नसल्याच्या वॉर्निंगा दिसतात. कूलिंग लोड अर्थातच फुगतो. ओपनस्टुडिओत हाताने दुरुस्त करू की रेव्हिटमध्ये?

थर्मलझोन:
रेव्हिटमध्येच करा. प्लॅन बदलला की एक्सपोर्ट पुन्हा होणार आणि हाताने केलेलं सगळं पुसलं जाणार.

मूळ कारण एकच आहे. भिंतीच्या पलीकडे रूम नसेल तर तिथे उघडी हवा आहे असं धरलं जातं. डक्ट फार अरुंद असेल तर स्लिव्हर स्पेस टॉलरन्समध्ये (किती अरुंद पोकळी दुर्लक्षित करायची ती मर्यादा, मूळ सेटिंग ३०४.८ मिमी) सामावतो आणि दोन्ही बाजूच्या खोल्या एकमेकींना लागून धरल्या जातात. तुमचा डक्ट ६०० मिमी, म्हणजे त्यात बसत नाही. टॉलरन्स वाढवत बसू नका, खऱ्या लहान जागाही गायब होतील. प्रत्येक मजल्यावर डक्टमध्ये रूम टाका आणि पुढे त्याला एसी नसलेला झोन करा. ओपनस्टुडिओतलं सरफेस मॅचिंग (एकमेकांवर येणारे पृष्ठभाग जोडणं) इथे कामाचं नाही, कारण दोन भिंतींमध्ये डक्टभर अंतर आहे.

फॉल्स सीलिंगचंही तेच. सीलिंग रूम बाउंडिंग आहे, म्हणजे रूमची हद्द तिथेच संपते, आणि वरच्या पोकळीत रूम नाही. रिटर्न एअर (एसीकडे परत जाणारी हवा) त्या पोकळीतून जात असेल तर तिथे वेगळी स्पेस टाकून प्लेनम (हवा वाहून नेणारी पोकळी) म्हणून दाखवा. रिटर्न एअर पत्र्याच्या नळीतून जात असेल तर सीलिंगचं रूम बाउंडिंग काढून खोली थेट स्लॅबपर्यंत न्या.

उष्मांक:
बंदिस्त नसलेल्या झोनसाठी आधी तीन गोष्टी बघा. आरसीसी लिंकच्या टाइप प्रॉपर्टीजमध्ये रूम बाउंडिंगला टिक आहे का? नसेल तर स्लॅब आणि कॉलम रूमला दिसतच नाहीत. एरिया अँड व्हॉल्यूम कॉम्प्युटेशन्समध्ये 'एरियाज अँड व्हॉल्यूम्स' निवडलंय का? आणि रूमची वरची मर्यादा स्लॅबच्या थोडी वर ठेवा, स्लॅब ती कापतो. मर्यादा स्लॅबखाली राहिली की मधे पट्टा सुटतो, तिथूनच ही वॉर्निंग येते.

लिंक चालू केल्यावर मात्र प्रत्येक कॉलमभोवती खाचे पडतील. एनर्जीप्लस १ सेमीपेक्षा जवळचे बिंदू एकत्र करतं, त्यात बारीक पृष्ठभाग मोडतात. आतल्या कॉलमचं रूम बाउंडिंग आरसीसीच्या फाइलमध्ये जाऊन काढा. लोडमध्ये त्याने जाणवेल असा फरक पडत नाही.

कर्टन वॉल (काचेची दर्शनी भिंत) असेल तर एक्सपोर्ट कॉम्प्लेक्सिटी 'सिंपल विथ शेडिंग सरफेसेस' ठेवा. कॉम्प्लेक्समध्ये एकेक पॅनल वेगळी खिडकी होऊन येतं आणि रन रखडतो. छज्जे मात्र यायलाच हवेत, पुण्यात पश्चिमेच्या काचेवर त्यांचा परिणाम मोठा असतो.

वास्तुरेषा:
डक्टमध्ये रूम्स टाकल्या, लिंकलाही टिक केली. सिम्युलेशन न चालवता हे तपासता येतं का?

थर्मलझोन:
येतं. एक्सएमएल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि डक्टलगतच्या भिंतीचा 'सरफेस' टॅग शोधा. सरफेस टाइप 'इंटीरियर वॉल' हवा आणि खाली 'अ‍ॅडजसंट स्पेस आयडी' दोनदा हवा, एक खोलीचा, एक डक्टचा. एकच दिसला तर त्या मजल्यावर रूम टाकायची राहिली आहे.

मग एक्सएमएलमधल्या स्पेसेसचं (रूम्सचं) क्षेत्रफळ आणि घनफळ रेव्हिटच्या रूम शेड्यूलशी ताडून बघा. भिंतीची जाडी कुठे मोजली यावरून थोडा फरक राहील, पण एखादीच खोली बाकीच्यांपेक्षा वेगळी वागत असेल तर तिची वरची मर्यादा चुकली आहे. ट्रू नॉर्थही (खरी उत्तर दिशा) बघून घ्या. प्रोजेक्ट नॉर्थवरच (नकाशाच्या सोयीसाठी धरलेली उत्तर) राहिलं तर पश्चिमेची काच भलत्याच दिशेला जाते, आणि त्याची वॉर्निंग कुठेच येत नाही.