मदत हवी आहे : कॅन्सरच्या उपचारांनंतर व्यायामासाठी कोणतं अॅप वापरावं?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. हॉजकिन लिम्फोमाची (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची) केमो संपली, रिपोर्ट चांगले आलेत, पण थकवा काही पाठ सोडत नाही. केमोतल्या डॉक्सोरुबिसिन या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिलीय. आठवड्यातून ३ वेळा ३० मिनिटं मध्यम व्यायामानं हा थकवा कमी होतो, असं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २०१९ च्या शिफारशींत आहे. भावालाही ते पटलंय.

अडचण मोबाइलची आहे. त्यातलं अॅप रोज १०,००० पावलं मागतं. (हा आकडा मुळात १९६५ च्या एका जपानी पेडोमीटरच्या (पावलं मोजायच्या यंत्राच्या) नावातून आलाय!) पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या पहिल्याच चढाला धाप लागते, तो कडेच्या दगडावर टेकतो. रात्री स्क्रीनवर लक्ष्य अपुरं राहिल्याचं अर्धवट वर्तुळ दिसतं आणि दुसऱ्या दिवशी तो बूटच घालत नाही. फार जीव तुटतो हो.

आठवड्याचं लक्ष्य आपणच ठरवायचं आणि मध्ये सुट्टी पडली तरी आधीची नोंद शून्यावर जाणार नाही, असं अॅप कुणी वापरलंय का?

शिवाय टेकडीवर सगळे साठीतले काका-काकू. प्रेमळ आहेत, पण त्याला यातून गेलेलं, त्याच्या वयाचं कुणीतरी हवंय. पुण्यात अशा विशी-तिशीतल्या मुलामुलींचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे का, जिथे रोजचं चालणं एकमेकांना कळवतात? सहकारनगरजवळचा असेल तर उत्तमच. औषधांचे सल्ले मात्र कृपया नकोत.