मदत हवी आहे : नोडमध्ये बफरची मेमरी शून्याने भरावी की नाही?

नमस्कार. नोड जेएसवरील (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आमच्या सर्व्हरमध्ये अपलोड झालेल्या चित्रांचे तुकडे जोडण्यासाठी मी बफर, म्हणजे बाइट्स ठेवण्यासाठी राखलेली मेमरी, देणारे ‘बफर.अलॉकअनसेफ’ हे फंक्शन वापरले होते, कारण ते मेमरी शून्याने भरत नाही आणि म्हणून वेगवान ठरते. परंतु क्लायंटने कळवलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या बाइट्सपेक्षा जास्त असली, की उरलेल्या जागेतील जुना मजकूर उत्तरासोबत बाहेर जातो, हे मी चाचणीत पाहिले (चूक अर्थातच माझी). मेमरी आधी शून्याने भरणाऱ्या ‘बफर.अलॉक’ने हा धोका टळतो. तरीही दर विनंतीला 5 मेगाबाइट शून्ये लिहिणे जड वाटते. बफरचा ठरावीक भाग देणारी ‘सबॲरे’ ही मेथड नवी प्रत न करता मूळचीच मेमरी वापरते, हे ठाऊक असूनही विचारतो : लिहिलेल्या बाइट्सपुरताच भाग ‘सबॲरे’ने कापून पाठवणे पुरेसे सुरक्षित आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.