मदत हवी आहे: आई-बाबा केनियाला निघालेत, यलो फीव्हरच्या लशीचं काय करावं?

नमस्कार मंडळी, आम्ही ऐरोलीचे. ताई नैरोबीला असते, दिवाळीनंतर आई-बाबा तिच्याकडे जाणार आहेत. लस निघण्याआधी किमान 10 दिवस घ्यायची आणि पिवळं कार्ड (लस घेतल्याचा दाखला) नसेल तर परतताना विमानतळावरूनच 6 दिवसांपर्यंत विलगीकरण, एवढं कळलंय. पण बाबा 68 वर्षांचे. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना त्रासाचा धोका वाढतो, म्हणून आमच्या डॉक्टरांनी "लसीकरण केंद्रावरच विचारा" म्हणत चेंडू तिकडे टोलवला. तुमच्या घरच्या ज्येष्ठांनी घेतली का? नंतर ताप, अंगदुखी किती? डॉक्टरांच्या सूटपत्रावर परतताना कोणाचं निभावलंय का? ऐरोलीहून कुठलं केंद्र बरं पडेल, तेही सांगा.

बाबांचं इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवणार, खाली सामानात गोठलं तर वाया जातं. पण दुबईला सात तासांचा थांबा आहे. नुसता थंड पाऊच पुरतो का? सुरक्षा तपासणीत चिठ्ठी मराठी डॉक्टरांच्या अक्षरातली चालेल की टाइप केलेली हवी? (ते अक्षर केमिस्टलाही लागत नाही.)

मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलणारच आहे. आई मात्र "ओडोमॉस नेते की" म्हणून मोकळी झालीये. तिला कसं पटवू?